एकटीने पाहिलेले गटिंगेन

आमचे कोल्हार हे वाटेवरचे गाव. नगर-मनमाड रस्त्याने जाणाऱ्या गाड्या प्रवरेच्या पुलापाशी क्षणभर रेंगाळतात, कुणी भगवतीच्या शिखराला गाडीतूनच हात जोडतो, कुणी पेरूंची पिशवी घेतो, आणि मंडळी शिर्डीच्या किंवा नगरच्या दिशेने निघून जातात. अशा गावात राहणाऱ्याला प्रवास म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. दिवसभर दुसऱ्यांचे प्रवास पाहता पाहता आपले कुठे जाणे मात्र राहून जाते, एवढेच. माझे पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत राहिले होते.

२०२५ च्या मे महिन्यात, कॉलेजला सुट्टी लागल्यावर, मी जर्मनीतले गटिंगेन हे गाव पाहून आले. एकटीच गेले, आणि बेताच्या पैशांत गेले. या सदरात एरवी शब्दांच्या व्युत्पत्त्या आणि म्हणींची कुळकथा वाचायची सवय झालेल्या वाचकांना हा पालट चालेल अशी आशा आहे. दिवाळी अंकात फराळाच्या ताटासारखे थोडे वेगळे असावेच.

आता बर्लिन नाही, म्युनिक नाही, नेमके गटिंगेनच का? सव्वा लाखाच्या आसपास वस्तीचे हे गाव आपल्याकडच्या सहल कंपन्यांच्या यादीत सहसा नसते. पण ज्यांनी संस्कृतचा थोडाफार अभ्यास केला आहे त्यांच्या कानांवर हे नाव पडलेले असते. फ्रान्त्स कीलहॉर्न हा जर्मन पंडित १८६६ मध्ये पुण्यास आला, डेक्कन कॉलेजात पंधरा वर्षे संस्कृत शिकवून मायदेशी परतला, आणि तेथून १९०८ साली मृत्यू येईपर्यंत गटिंगेनच्या विद्यापीठात अध्यापक होता. पतंजलीच्या महाभाष्याची त्याने सिद्ध केलेली आवृत्ती, १८८० ते १८८५ या काळात मुंबईस छापलेली, आजही अभ्यासकांच्या हाताशी असते. तो गेल्यावर डेक्कन कॉलेजातील त्याची जागा मिळाली ती रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना, आणि १८८५ साली याच गटिंगेनने भांडारकरांना सन्मानाची डॉक्टर पदवी दिली. पुण्याचा आणि त्या गावाचा हा घरोबा मला एम.ए.च्या वर्गात असल्यापासून खुणावत होता.

बेत जाहीर झाला तेव्हा शेजारपाजारहून आलेला पहिला प्रश्न ठराविकच होता: ‘‘एकट्याच?’’ किती खर्च, कुठे उतरणार, काय खाणार, हे सगळे नंतरचे. आमच्या सासूबाई मात्र वेगळ्या निघाल्या. वर्षानुवर्षे पुलावरून शिर्डीला पायी जाणाऱ्या बायका त्यांनी पाहिल्या आहेत. त्या म्हणाल्या, ‘‘जाऊ द्या हो तिला. पायांत चप्पल आणि कनवटीला पैसे असले की झालं.’’ चपलेची व्यवस्था सोपी होती. कनवटीची करायला तीन वर्षे लागली.

पैशांचा विषय निघालाच आहे तर तो उरकून टाकते. विमानाचे तिकीट आणि व्हिसा यांत काटकसर फारशी होत नाही. शेंगेन व्हिसाची फी ९० युरो, शिवाय निदान ३०,००० युरोंचा प्रवासविमा. युरो त्या वेळी शंभर रुपयांना टेकत आला होता, म्हणजे गुणाकार करायला सोपे आणि सोसायला अवघड. खरी बचत होते ती तिथे उतरल्यावर. जर्मनीत २०२३ च्या मे महिन्यापासून सबंध देशभर चालणारे महिन्याचे एक तिकीट निघाले आहे. सुरुवातीस ते ४९ युरोंचे होते, २०२५ साली ५८ युरोंचे झाले. वेगवान गाड्यांना ते चालत नाही, पण हळू गाड्या, गावातल्या बसगाड्या, ट्राम, सगळे त्यात येते. त्या तिकिटावर फ्रँकफुर्टहून कासेल आणि कासेलला गाडी बदलून गटिंगेन असा मी सावकाश प्रवास केला. जलद गाडीत बसलेल्याला वाटेतली स्टेशने दिसतच नाहीत. मला सगळी दिसली, आणि प्रत्येक स्टेशनावर चढणारी शाळकरी पोरेही.

स्टेशनाबाहेर पडल्यावर समोर एक दगडी चौथरा दिसतो. एखाद्या राजाच्या अश्वारूढ पुतळ्याखाली असतो तसा, पण त्यावर घोडाही नाही आणि राजाही नाही. प्रथम वाटते, पुतळा दुरुस्तीला नेला असावा. गोष्ट तशी नाही. २०१५ साली मुद्दाम रिकामाच उभा केलेला हा चौथरा आहे. ज्या राजाच्या स्मारकावरून तो घेतला त्याचे नाव एर्न्स्ट आउगुस्ट, आणि त्याचा खरा पुतळा घोड्यासकट हानोफरच्या स्टेशनासमोर उभा आहे.

१८३७ साली हा राजा गादीवर आला आणि त्याने राज्याची घटना एका हुकुमाने रद्द केली. सरकारी नोकरांनी त्या घटनेवर शपथ घेतलेली होती. गटिंगेनच्या सात प्राध्यापकांनी लिहून कळवले की, घेतलेली शपथ अशी मोडता येत नाही. साताही जणांची नोकरी गेली, आणि तिघांना तीन दिवसांत राज्याबाहेर जाण्याचा हुकूम झाला. हद्दीपार होणाऱ्या गुरूंना पोचवायला विद्यार्थी सीमेपर्यंत गेले होते. या सातांत परीकथा गोळा करणारे दोघे ग्रिम बंधू होते. हद्दपारांत थोरला याकोब होता. नोकरी गेल्यावर पोटासाठी म्हणून या भावांनी जर्मन भाषेचा शब्दकोश हाती घेतला. पहिला खंड १८५४ साली निघाला. याकोब ‘फळ’ या अर्थाच्या जर्मन शब्दापर्यंत पोचला आणि वारला. पुढे इतरांनी चालवलेले ते काम १९६१ साली पुरे झाले.

मी महिन्याच्या पगारावर जगणारी मास्तरीण आहे. घराचा हप्ता, मुलाची फी, सासूबाईंची औषधे, हे सगळे त्या पगाराला टांगलेले आहे. त्या रिकाम्या चौथऱ्यापुढे पिशवी खाली ठेवून मी बराच वेळ उभी होते. त्या काळी त्या विद्यापीठातला सगळ्यांत मोठा माणूस म्हणजे गणिती गाउस. सातांतला एक, एवाल्ड, त्याचा जावई. दुसरा, वेबर, त्याचा जिवलग सहकारी. दोघांच्या नोकऱ्या गेल्या. गाउस गप्प राहिला. त्याला नावे ठेवण्याचा धीर मला तरी होईना. साठी गाठलेला माणूस, वेधशाळा सोडून जाणार कुठे? आणि तरीही ते सात जण गेलेच ना, हा विचार काही पिच्छा सोडीना.

उतरले ते युवक वसतिगृहात. नाव युवकांचे, पण तिथे वयाची अट नव्हती; सभासदत्व घेतले की झाले. ही वसतिगृहांची कल्पना एका शाळामास्तरचीच. रिचर्ड शिरमान हे मास्तर १९०९ साली मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले असता वादळात सापडले, एका शाळेत गवतावर रात्र काढावी लागली, आणि सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळांचा असा उपयोग का करू नये, असे त्यांच्या मनात आले. १९१२ साली आल्टेनाच्या किल्ल्यात पहिले कायमचे वसतिगृह निघाले, आणि आता ती जगभर आहेत. खाटेवर चादर आपली आपण घालायची. माझ्या खोलीत एक सत्तरीच्या बाई होत्या, सायकलवरून देश फिरणाऱ्या. माझ्या एकटीने येण्याचे त्यांना काहीच नवल वाटले नाही. इतक्या दिवसांनी कुणी तो प्रश्न विचारला नाही याचेच मला नवल वाटले.

सकाळचा नाश्ता भाड्यात असे. दुपारी विद्यापीठाच्या खानावळीत जायचे. परक्यांना दर थोडा जास्त पडतो, पण हॉटेलाच्या मानाने स्वस्तच, आणि शाकाहारी पदार्थ मिळतात. संध्याकाळी पाव, चीज, टोमॅटो आणि घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी. पाणी नळाचे बिनधास्त प्यावे. ते ठाऊक होईपर्यंत ज्या दोन बाटल्या विकत घेतल्या त्यांचे प्रत्येकी २५ सेंट दुकानातल्या यंत्राने परत दिले. बाटली तोंडाशी धरली की यंत्र ती गिळते आणि पावती बाहेर टाकते. आपल्याकडच्या भंगारवाल्याशी घासाघीस करून मला जेवढा आनंद होतो, त्याच्या निम्मा तरी झाला. रविवारी मात्र दुकाने बंद. शनिवारी पिशवी भरून ठेवली नाही तर उपास घडतो.

पैसे वाचवायचे म्हणजे चालायचे, आणि गटिंगेन हे चालण्यासाठीच बांधलेले गाव वाटते. जुन्या गावाभोवती पूर्वी तट होता. त्याचा आता झाडांनी झाकलेला उंच बांध झाला आहे आणि त्यावरून पायवाट गेली आहे. तासाभरात गावाला प्रदक्षिणा होते. एका बाजूला लाकडी चौकटींची जुनी घरे, दुसऱ्या बाजूला बागा. मे महिन्यात रात्री नऊ वाजताही उजेड असतो, त्यामुळे एकट्या बाईला सांज होण्याची धास्ती नाही. वाटेत बिस्मार्क विद्यार्थी असताना राहायचा ते गोल दगडी घरकुल लागते. दंगामस्तीपायी त्याला गावात राहायची बंदी झाली होती, म्हणून तो तटावर राहिला. पुढे गाउस आणि वेबर यांचा जोडपुतळा आहे. १८३३ साली या दोघांनी गावातल्या घरांच्या छपरांवरून, चर्चच्या मनोऱ्यावरून तार ओढून एकमेकांना विजेच्या खुणांनी निरोप पाठवले होते.

पण मला सगळ्यांत भावल्या त्या भिंतींवरच्या पाट्या. गटिंगेनमध्ये एकोणिसाव्या शतकापासून अशी रीत आहे की, कुणी नामांकित माणूस ज्या घरात राहिला त्या घरावर संगमरवराची साधी पाटी लावायची. वर नाव, खाली तिथे राहिल्याची वर्षे. बस्स. स्तुती नाही, उद्घाटन कुणाच्या शुभहस्ते झाले तेही नाही. अशा तीनशेहून अधिक पाट्या गावभर आहेत. खाली मिठाईचे दुकान, वर कुणाचे तरी कपडे वाळताहेत, आणि मध्ये पाटी. ही नावे वाचायला तिकीट लागत नाही, मान तेवढी वर करावी लागते. दोन दिवसांत माझी मान अवघडली.

या गावाने थट्टाही पुष्कळ सोसली. कवी हायने येथेच कायदा शिकला. द्वंद्वयुद्धाच्या भानगडीत त्याला काही काळ घालवून दिले होते. मग परत येऊन त्याने १८२५ साली पदवी घेतली, आणि आपल्या प्रवासवर्णनाच्या आरंभीच या गावाच्या सॉसेजांचे आणि विद्यापीठाचे नाव एका दमात घेऊन सूड उगवला. बाजारचौकात जुन्या नगरभवनापुढे हंस राखणाऱ्या मुलीचा पुतळा असलेले कारंजे आहे, १९०१ सालचे. डॉक्टर पदवी मिळाली की विद्यार्थी तिथे चढून त्या मुलीचे चुंबन घेतात. १९२६ मध्ये नगरपालिकेने याला कायद्याने बंदी केली, प्रकरण कोर्टात गेले, बंदी कायम झाली, आणि प्रथाही कायम राहिली. मी उभी असताना एक पदवीधर मुलगी फुलांचा गुच्छ घेऊन चढली. खाली तिची आई डोळे पुसत होती. तो चुंबनाचा प्रकार आमच्या कोल्हारात काही चालायचा नाही, पण आईचे डोळे ओळखीचे होते.

मुलींवरून सांगते. याच विद्यापीठाने १७८७ साली डोरोथेआ श्लोत्सर या सतरा वर्षांच्या मुलीला परीक्षा घेऊन डॉक्टर केले. पण पदवीदानाच्या समारंभाला अविवाहित मुलीने हजर राहणे शिष्टसंमत नव्हते. तेव्हा स्वतःच्या पदवीचा सोहळा तिला शेजारच्या ग्रंथालयाच्या खिडकीतून पाहावा लागला. पुढे सव्वाशे वर्षांनी एमी नोएथर या थोर गणिती बाई येथे आल्या, तर त्यांना १९१९ पर्यंत स्वतःच्या नावावर व्याख्यानेही देता येत नव्हती. हिल्बर्ट या वडीलधाऱ्या गणितज्ञाच्या नावाखाली त्या शिकवीत. आणि १९३३ साली हिटलरची राजवट आली तेव्हा त्या ज्यू म्हणून त्यांना काढून टाकण्यात आले. माक्स बॉर्न हे भौतिकशास्त्रज्ञही त्याच लाटेत गेले. ते काही महिने बंगळूरला रामन यांच्या संस्थेत होते, हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसते. १८३७ साली सात जण गेले तेव्हा विद्यार्थी पोचवायला गेले होते. १९३३ साली ज्यू अध्यापकांवर बहिष्कार घालण्यात विद्यार्थीच पुढे होते.

गावात ज्यूंचे प्रार्थनामंदिर होते, ते नोव्हेंबर १९३८ मध्ये जाळले. त्या जागी १९७३ पासून पोलादी नळ्यांचे एक स्मारक आहे. त्रिकोणांवर त्रिकोण फिरत फिरत वर चढत गेले आहेत. खाली उतरून मधोमध उभे राहून वर पाहिले की षट्कोनी तारा दिसतो. भोवती मारल्या गेलेल्यांची नावे आहेत. तिथे मी सोडून आणखी एकच माणूस होता, आणि तो बाकावर बसून डबा खात होता. मला ते खटकले नाही. रोजच्या जेवणाच्या जागेशेजारी ती नावे आहेत हे बरेच वाटले.

गावाच्या पश्चिमेस जुने दफनस्थान आहे. एरवी मी स्मशानात सहलीला जाणारी नव्हे, पण हे बाग म्हणूनच पाहतात. प्लांक यांच्या दगडावर नाव आणि तळाशी त्यांचा तो सुप्रसिद्ध स्थिरांक. बॉर्न म्हातारपणी मायदेशी परतले होते, तेही इथेच, त्यांच्या दगडावर त्यांचे समीकरण. हिल्बर्ट यांच्या दगडावर जाणण्याविषयीची त्यांचीच दोन छोटी वाक्ये. मला गणित समजत नाही. समीकरणे मात्र देवनागरी शिलालेखासारखी गंभीर दिसली.

शिलालेखावरून पुन्हा कीलहॉर्नकडे येते. पण त्याआधी त्याचे गुरू थेओडोर बेन्फाय यांच्याविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. ज्यू घरातला हा विद्वान. योग्यता असून प्राध्यापकाची पूर्ण जागा मिळायला पन्नाशी उलटली. १८५९ साली त्यांनी पंचतंत्राचे जर्मन भाषांतर काढले, आणि त्याला जोडलेल्या प्रदीर्घ प्रस्तावनेत या गोष्टी युरोपात कशा पोचल्या याची वाट उलगडून दाखवली: सहाव्या शतकात पहलवी, आठव्या शतकात अरबी, मग हिब्रू, तेराव्या शतकात लॅटिन, पुढे जर्मन. आपले करटक आणि दमनक अरबीत कलीला आणि दिम्ना झाले. आपण चौथीत ऐकलेल्या गोष्टी आपल्या आधी केवढा प्रवास करून आल्या होत्या! आणि तोही बिनपैशाचा. व्यापारी, भाषांतरकार आणि आज्या यांच्या पाठीवर बसून त्या गेल्या.

शेवटच्या दिवशी ग्रंथालय. हस्तलिखिते पाहायची तर आधी लिहून कळवावे लागते; मी घरूनच पत्र पाठवले होते. कीलहॉर्नच्या संग्रहातील संस्कृत पोथ्या त्याच्या मृत्यूनंतर १९०८ साली या ग्रंथालयाकडे आल्या आणि रिचर्ड फिक यांनी त्यांची छापील यादी तयार केली. काऊंटरवरच्या तरुण बाईंनी विचारले, कुठून आलात? मी नकाशात नगर दाखवले. पहिल्या महायुद्धात तिथे जर्मन लोकांची बंदिवासाची छावणी होती, हे मी त्यांना सांगितले. त्यांना ते ठाऊक नव्हते. त्या हसून म्हणाल्या, ‘‘मग तुम्ही परतभेटीला आलात म्हणायचे.’’

पोथी समोर आली. तो लांबट कागद, त्या दोन्ही बाजूंच्या रेघा, मधूनच हरताळ लावून खोडलेले अक्षर. आजोळच्या देवघरातले फडके सोडल्यावर येणारा तोच वास. मी वाचू लागले, तेव्हा त्या बाई जरा चकित झाल्या. लिपी आमची रोजचीच आहे, वाण्याच्या दुकानावरही हीच असते, असे सांगितल्यावर अधिकच.

कीलहॉर्न पुण्यात शास्त्र्यांजवळ बसून व्याकरण शिकला. नागोजीभट्टाचा परिभाषेन्दुशेखर त्याने १८६८ ते १८७४ या काळात मूळ आणि इंग्रजी भाषांतर असा काढला. ज्यांनी तो ग्रंथ परंपरेने मुखोद्गत केलेला नाही, अशांनी एकट्याने बसून उलगडावा इतका तो सोपा नाही. गटिंगेनला परतल्यावर तो ताम्रपटांत आणि शिलालेखांत रमला. दुसऱ्या पुलकेशीचा ऐहोळेचा लेख, शके ५५६ चा, त्याने साक्षेपाने संपादिला. तीन महाराष्ट्रके आणि त्यांची नव्व्याण्णव हजार गावे यांचा उल्लेख आहे तो हाच लेख. आम्ही वर्गात महाराष्ट्र या नावाची प्राचीनता सांगताना हमखास त्याचा दाखला देतो. तो पाठ या गावातल्या कुठल्या तरी खोलीत, बाहेर बर्फ पडत असताना, एका माणसाने दिव्याखाली बसून निश्चित केला होता.

दुपारभर मी वाचनालयात त्याचे ग्रंथ चाळले. साहेबाचे नाव मुखपृष्ठावर ठळक. ज्या शास्त्र्यांनी त्याला पंक्ती लावून दाखवल्या, त्यांच्यासाठी पाटी कुठे लावायची? त्यांची घरे शनिवारात, सदाशिवात होती की आणखी कुठे, त्यातले किती वाडे उभे आहेत, कुणी कधी मोजले? हरताळ लावलेल्या त्या अक्षरांमागचा हात कुणाचा होता? आपल्याकडे लेखकू पोथीच्या शेवटी पाठ आणि मान मोडल्याची तक्रार नोंदवून ठेवतात, स्वतःचे नाव पुष्कळदा तेही विसरतात.

संध्याकाळी त्या बाईंनी पोथी परत घेतली आणि विचारले की, या लेखनिकाच्या हस्ताक्षराविषयी मला काही सांगता येईल का. मी म्हटले, अक्षर घाईचे आहे, माणूस सरावाचा असावा, आणि ‘ख’ काढण्याची त्याची लकब मी आमच्या भागातल्या जुन्या कागदांत पाहिली आहे. त्यांनी पेन्सिल काढली आणि ते एका चिठ्ठीवर लिहून घेतले. मग माझे नाव विचारले, त्याचे स्पेलिंग दोनदा तपासले, आणि चिठ्ठीच्या खालच्या बाजूस लिहिले: कोल्हार.